विजय कोणावर मिळवला?

१९३४ सालच्या नोव्हेंबर महिन्यातील ४ तारखेला मद्रासच्या चेपॉक मैदानावर सकाळी एक सामना सुरू झाला आणि त्याच दिवशी दिवस मावळण्यापूर्वी तो संपलाही. म्हैसूरचा पहिला डाव ४८ धावांत आटोपला, मद्रासने १३० धावा केल्या, आणि म्हैसूरचा दुसरा डाव ५९ धावांत कोसळला. मद्रासच्या ए. जी. रामसिंग यांनी दोन्ही डाव मिळून अवघ्या ३५ धावांत ११ बळी घेतले. एक डाव आणि २३ धावांनी मिळालेला हा विजय रणजी करंडकाच्या इतिहासातील पहिला विजय होय, कारण त्या स्पर्धेचा पहिला सामना तोच होता.

आता प्रश्न असा, की त्या सायंकाळी मैदान सोडणाऱ्या प्रेक्षकाने काय समजून घरी जावे? मद्रासचा संघ फार बलाढ्य आहे, की म्हैसूरचा संघ फार दुबळा आहे? की दोन्ही संघ सारखेच असून त्या दिवशीच्या खेळपट्टीनेच काय तो निकाल लावला? त्या एका सामन्यावरून याचे उत्तर देता येणार नाही. त्यासाठी म्हैसूर इतर कोणाशी कसे खेळले ते पाहावे लागेल. आणि ते 'इतर' किती पाण्यात होते हे कळण्यासाठी ते आणखी कोणाशी कसे खेळले तेही पाहावे लागेल. म्हणजे एका धावफलकाचा अर्थ लावण्यासाठी दुसरा हवा, दुसऱ्यासाठी तिसरा. विजय मोजणे सोपे आहे, त्याचे वजन करणे कठीण. रणजी करंडकाचा पाऊणशे वर्षांहून मोठा इतिहास म्हणजे पुष्कळ अंशी हे वजन करण्याच्या धडपडीचाच इतिहास आहे, आणि त्यातील कित्येक महत्त्वाचे प्रसंग चेपॉकवरच घडलेले असल्यामुळे आजच्या भाषणात मी पुनःपुन्हा तिकडे वळणार आहे.

आपल्या देशाचा विस्तार पाहता प्रत्येक संघाने प्रत्येकाशी खेळावे हे १९३४ साली शक्यच नव्हते. आगगाडीचा प्रवास, खर्च, आणि नोकरीतून रजा काढून खेळणारे खेळाडू. या सर्वांचा विचार करून देशाचे विभाग पाडण्यात आले. शेजाऱ्याने शेजाऱ्याशी आधी झुंजावे, आणि विभागात जो उरेल त्याने पुढे इतर विभागांतील विजेत्यांशी गाठ घ्यावी, अशी ही योजना होती. व्यवहाराच्या दृष्टीने ती शहाणपणाची होती. न्यायाच्या दृष्टीने मात्र तिच्यात पहिल्यापासूनच एक फट राहिली होती. तुमचा शेजारी कोण, हे तुमच्या कर्तृत्वावर अवलंबून नव्हते, भूगोलावर होते.

१९४०-४१ चा हंगाम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्या वर्षी अंतिम सामना मद्रास येथे झाला. एका बाजूला यजमान मद्रास, दुसऱ्या बाजूला प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखालील महाराष्ट्र. महाराष्ट्राने तो सामना ६ गडी राखून जिंकला आणि लागोपाठ दुसऱ्यांदा करंडक पुण्यास आणला. पण महाराष्ट्र मद्रासपर्यंत पोहोचला कसा? पश्चिम विभागात त्याची गाठ मुंबईशी पडली. पुण्यास झालेल्या त्या सामन्यात महाराष्ट्राने ६७५ धावांचा डोंगर रचला, आणि मुंबईने त्याला ६५० धावांचे उत्तर दिले! पन्नाशीच्या उंबरठ्यावर आलेल्या देवधरांनी त्यात २४६ धावा केल्या. एवढी धुमश्चक्री होऊन फरक पडला तो पंचवीस धावांचा, तोही पहिल्या डावातला. तेरा धावा इकडच्या तिकडे झाल्या असत्या, तर मद्रासला मुंबईचा संघ गेला असता आणि महाराष्ट्राचे नाव त्या वर्षीच्या इतिहासात एका ओळीपुरतेच उरले असते. खरी अंतिम झुंज पुण्यात झाली की मद्रासमध्ये? मद्रासच्या संघाला हे विचारले असते, तर आपणही आपला दक्षिण विभाग जिंकूनच इथवर आलो, असे उत्तर त्याने न्याय्य अभिमानाने दिले असते. आणि ते खोडून काढायला कोणापाशीच पुरावा नव्हता.

प्रतिस्पर्ध्याच्या बळाचा हा प्रश्न संघाला जसा चिकटतो तसाच माणसालाही चिकटतो. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यास काठेवाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद ४४३ धावा केल्या. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या, आणि डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा त्या वेळचा जागतिक उच्चांक केवळ नऊ धावा दूर होता. विश्रांतीच्या वेळी काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी सामना सोडून दिला. आपल्या संघाचे नाव त्या उच्चांकाला कायमचे जोडले जावे हे त्यांना मानवेना. ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वांनाच ठाऊक आहे. पण तिच्यातली दुसरी गोम क्वचितच कोणी बोलून दाखवतो. निंबाळकरांच्या त्या खेळीचा उल्लेख झाला की पाठोपाठ "काठेवाडविरुद्ध" हा शब्द यायचाच, आणि तो शब्द उच्चारताना स्वर किंचित खाली यायचा. ब्रॅडमनच्या ४५२ धावा क्वीन्सलंडविरुद्ध होत्या. त्या सांगताना क्वीन्सलंडचे नाव असे दबक्या आवाजात कोणी घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही. निंबाळकर अधिकृत कसोटी सामना कधीच खेळू शकले नाहीत. यामागे एकच कारण होते असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु धावांच्या राशीवरून माणसाची पारख करताना निवड करणारे त्या राशीला मनातल्या मनात कोणत्या तरी अपूर्णांकाने गुणत असतात आणि तो अपूर्णांक कागदावर कधी लिहिला जात नाही, एवढे मात्र निश्चित.

१९५४-५५ साली मद्रासने इंदूरला जाऊन होळकर संघाला ४६ धावांनी हरवले आणि पहिल्यांदा करंडक जिंकला. परक्या मैदानावर, त्या काळच्या एका मातब्बर संघावर मिळवलेला तो विजय होता. त्याच्या मोलाविषयी वाद घालायला कोणी धजावले नसते. पुढे १९५७-५८ पासून विभागांतर्गत सामने बाद पद्धतीऐवजी साखळी पद्धतीने होऊ लागले. एका दिवसाच्या दैवावर हंगाम जाऊ नये, हा त्यामागील हेतू. मात्र पुढच्या फेरीत जायचे ते प्रत्येक विभागातून एकाच संघाने. आणि १९५८-५९ पासून मुंबईची ती पंधरा वर्षांची अखंड मालिका सुरू झाली.

या पंधरा वर्षांतील उपविजेत्यांची नावे वाचून पाहावीत. १९६०-६१ ते १९६९-७० या दहा हंगामांत राजस्थान सात वेळा अंतिम सामन्यात आला आणि सातही वेळा मुंबईकडून हरला. यावरून राजस्थान हा देशातील दुसऱ्या क्रमांकाचा संघ होता असे म्हणावे काय? सलीम दुराणी, हनुमंतसिंग आणि विजय मांजरेकर ज्या संघात खेळत होते त्याला दुबळा म्हणण्याचे पाप मी करणार नाही. परंतु मध्य विभागात राजस्थानसमोर जे संघ उभे राहत, त्यांची दक्षिणेतील संघांशी तुलना करून पाहा. मद्रासला प्रतिवर्षी हैदराबादच्या जयसिंहांना आणि साठीच्या उत्तरार्धात पतौडींनाही तोंड द्यावे लागे; म्हैसूरकडे प्रसन्ना आणि चंद्रशेखर होते. या वाटेने जाताना मद्रास बहुतेक वर्षी वाटेतच गळून पडे. १९६७-६८ साली तो अंतिम सामन्यास पोहोचला, तेव्हा मुंबईने त्याला पहिल्या डावातील आघाडीवर हरवले. उरलेल्या वर्षी मद्रासचा क्रमांक देशात दुसरा होता, चौथा होता की आठवा, हे सांगायला साधनच नव्हते.

साधन नव्हते असे मी म्हणतो ते अतिशयोक्तीने नव्हे. त्यात एक साधे गणित आहे. एका विभागातील पाच संघ केवळ एकमेकांशीच खेळले, तर त्या विभागात जितके विजय होतील तितकेच पराभवही होणार. विभाग सिंहांचा असो वा शेळ्यांचा, ही बेरीज बदलत नाही. तेव्हा विभागाच्या आतील निकाल कितीही बारकाईने तपासले, तरी हा विभाग बळकट की तो, हे त्यातून कदापि निघणार नाही. त्यासाठी विभागाची कुंपणे ओलांडणारे सामने हवेत.

अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलच्या प्रेमिकांमध्ये नेमका हाच वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा चेंडू नव्हे, हातात चेंडू धरून धडका देण्याचा त्यांचा स्वतंत्र खेळ. शंभराहून अधिक संघ, प्रत्येकाच्या वाट्याला हंगामात जेमतेम बारा सामने, आणि तेही बहुतेक आपापल्या प्रादेशिक मंडळातील शेजाऱ्यांशी. १९९८ साली तेथे अंतिम सामन्यासाठी दोन संघ निवडण्याचे एक सूत्र बनवण्यात आले. त्यात जाणकारांच्या मतांबरोबर 'वेळापत्रकाचे बळ' हाही एक स्वतंत्र घटक होता. प्रतिस्पर्ध्यांच्या निकालांना दोन तृतीयांश वजन आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या निकालांना एक तृतीयांश, असा तो हिशेब होता. सहा वर्षांतच हा घटक सूत्रातून स्वतंत्रपणे वगळण्यात आला. पुढे समिती आली, चार संघांची बाद फेरी आली, २०२४ पासून ती बारा संघांची झाली. वाद मात्र शमला नाही. आकडेमोडीत हुशार असलेल्या त्या देशालाही कुंपणापलीकडच्या सामन्यांची उणीव सूत्राने भरून काढता आली नाही.

आपल्याकडे अशा सामन्यांची एक सोय होती, तिचे नाव दुलीप करंडक. १९६१-६२ साली सुरू झालेल्या या स्पर्धेत विभागांचे संघ एकमेकांशी खेळत. पहिल्या वर्षी पश्चिम विभागाने दक्षिणेला अंतिम सामन्यात हरवले. पण १९६५-६६ पासून लागोपाठ तीन वर्षे दुलीप करंडक दक्षिण विभागाकडे गेला, आणि त्याच तिन्ही वर्षी रणजी करंडक मुंबईकडेच राहिला! माझ्या मते या सबंध वादातील सर्वांत बोलका पुरावा हाच. देशातील सर्वोत्तम संघ पश्चिमेत होता आणि सर्वांत बळकट विभाग दक्षिणेत, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. मुंबईची गादी यामुळे डळमळत नाही. मात्र त्या गादीखालच्या पायऱ्यांवर कोण कोठे बसले होते, याविषयी करंडकाची यादी काही सांगत नाही, एवढे यातून उघड होते.

ही अडचण नियामकांच्याही ध्यानी आली असावी, कारण १९७०-७१ पासून प्रत्येक विभागातून दोन संघ पुढे पाठवण्याचे ठरले. त्या पहिल्याच वर्षी काय घडावे? मुंबईविरुद्ध अंतिम सामन्यात महाराष्ट्र उभा राहिला! एकाच विभागातील दोन शेजारी. मुंबईचे बिनीचे खेळाडू वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर असल्यामुळे सुधीर नाईक संघनायक होते, आणि मुंबईने तो सामना ४८ धावांनी जिंकला. जो महाराष्ट्र जुन्या नियमानुसार विभागातच अडकून पडला असता, तो दार किंचित उघडताच थेट अंतिम सामन्यात आला. त्यापूर्वीच्या बारा-तेरा वर्षांत असे किती संघ दाराआड राहिले असतील, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

दोन वर्षांनी, १९७२-७३ साली, अंतिम सामना पुन्हा चेपॉकवर आला. तमिळनाडूकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार, म्हणजे फिरकीची अव्वल जोडी, आणि खेळपट्टीही फिरकीला मनापासून साथ देणारी. मुंबईच्या १५१ धावा झाल्या तेव्हा यजमानांनी आनंद मानला असेल. मग पद्माकर शिवलकरांच्या हाती चेंडू आला. पहिल्या डावात १६ धावांत ८ बळी, दुसऱ्यात १८ धावांत ५. तमिळनाडू ८० आणि ६१. मुंबईचा दुसरा डाव ११३ धावांचा, आणि तरीही विजय १२३ धावांनी. दोन दिवस आणि एक चेंडू एवढ्यात सारे संपले. ज्या मैदानावर १९३४ साली पहिला सामना एका दिवसात उरकला होता, तेथेच ही दुसरी झटपट लढाई झाली. फरक इतकाच, की या खेपेला हरणारा संघ दुबळा होता असे कोणी म्हणू शकत नव्हते. पुढल्या वर्षी कर्नाटकाने बंगलोरला उपांत्य सामन्यात मुंबईला हरवून ती पंधरा वर्षांची मालिका संपवली.

शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले. कसोटी सामना त्यांच्या वाट्याला एकही आला नाही. उत्तरेत राजिंदर गोयल यांनी रणजी सामन्यांतच ६३७ बळी घेतले. त्यांच्याही वाट्याला तो आला नाही. दोघेही डावखुरे फिरकी गोलंदाज, आणि दोघांच्याही वाटेत बिशनसिंग बेदी उभे. या दोघांत श्रेष्ठ कोण, असा वाद रंगला की हमखास दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, गोयल यांच्या बळींत उत्तरेकडील कच्च्या संघांचा भरणा आहे. दुसरा म्हणतो, शिवलकरांच्या पाठीशी मुंबईच्या फलंदाजांनी उभारलेल्या धावा होत्या आणि देशातील सर्वांत कसदार फलंदाजीला, म्हणजे मुंबईच्याच फलंदाजीला, त्यांना कधी गोलंदाजी टाकावीच लागली नाही. हा दुसरा मुद्दा मला फार मार्मिक वाटतो. सर्वांत बलाढ्य संघाचे वेळापत्रक नेहमी थोडे सोपेच दिसणार, कारण त्याला स्वतःशी खेळावे लागत नाही! भारतीय क्रिकेट मंडळाने २०१७ साली या दोघांनाही कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार देऊन हा वाद आपल्यापुरता बरोबरीत सोडवला. चेपॉकच्या त्या सामन्यात पराभूत बाजूला असलेले कुमार तरी दोन कसोटी खेळले होते.

आता आपल्या गोव्याकडे वळू. १९८५-८६ पासून गोवा रणजी स्पर्धेत उतरला तो दक्षिण विभागात, म्हणजे तमिळनाडू, कर्नाटक आणि हैदराबाद यांच्या पंक्तीला. १९८९ च्या जानेवारीत पणजीला तमिळनाडूने ६ बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला. डब्ल्यू. व्ही. रामन ३१३, अर्जन कृपालसिंग नाबाद ३०२. एकाच डावात दोन त्रिशतके! त्या हंगामात रामन यांच्या १०१८ धावा झाल्या आणि रुसी मोदींचा १९४४-४५ मधील १००८ धावांचा उच्चांक मागे पडला. दहा धावांनी मागे पडलेला उच्चांक आणि त्यात पणजीच्या ३१३! मुंबईकरांना यावर काय बोलावेसे वाटले असेल हे मी सांगायला नको. पण रामन हे काही दुबळ्यांवर हात धुऊन घेणारे फलंदाज नव्हते. त्यापूर्वी एकच वर्ष आधी, चेपॉकवर वेस्ट इंडीजविरुद्धच्या आपल्या पहिल्याच कसोटीत, त्यांनी ८३ धावा केल्या होत्या. आणि ९१२ धावा करूनही त्या वर्षीचा रणजी करंडक तमिळनाडूला मिळाला नाही; तो दिल्लीने नेला. पणजीच्या प्रेक्षकांनी ते दोन-तीन दिवस कसे काढले असतील याची मला कल्पना करवत नाही.

असे सामने पाहून एक विचार बळावत गेला, की समानांनी समानांशी खेळावे. २००२-०३ साली विभागांची पद्धत मोडण्यात आली आणि संघांच्या दोन श्रेणी झाल्या, एलिट आणि प्लेट. भूगोलाच्या जागी गुणवत्ता आली, असे म्हणता येईल. पण यातही एक पेच होता. खालच्या श्रेणीतील संघाने पाच सामने जिंकले तर ते किती धरायचे? काही वर्षांनी प्लेटमधील दोन संघांना वरच्या बाद फेरीत प्रवेश देण्याची सोय झाली, आणि या पेचाचे उत्तर मैदानावरच मिळाले. २०१०-११ साली राजस्थान खालच्या श्रेणीत होता. जयपूरला त्याने हैदराबादला अवघ्या २१ धावांत गुंडाळले. दीपक चहर या पदार्पण करणाऱ्या मुलाने १० धावांत ८ बळी घेतले. हैदराबादचाच संघ मोडकळीला आला आहे, त्यात राजस्थानचे काय कौतुक, असे म्हणायला जागा होती. मग बाद फेरीत राजस्थानने मुंबईला मागे टाकले, तमिळनाडूला मागे टाकले, आणि बडोद्याविरुद्ध अंतिम सामन्यात आघाडी घेऊन करंडक उचलला. त्या संघाचा कर्णधार पुण्याचा होता: हृषीकेश कानिटकर, महाराष्ट्राचे कसोटीपटू हेमंत कानिटकर यांचे चिरंजीव.

तरीही शंका उरतेच. एक वर्ष नशिबाचे असू शकते. पुढल्या हंगामात राजस्थान वरच्या श्रेणीत खेळला आणि २०१२ च्या जानेवारीत अंतिम सामन्यासाठी चेपॉकवर येऊन दाखल झाला. समोर तमिळनाडू, स्वतःच्या घरी. विनीत सक्सेना यांनी २५७ धावा केल्या, राजस्थानच्या ६२१ झाल्या, आणि तमिळनाडूचा डाव २९५ वर संपला. साठीच्या दशकात जो राजस्थान सोप्या वाटेने अंतिम सामन्यास येतो अशी कुजबुज होती, त्याने या खेपेस वाटेविषयी बोलायला कोणाला जागाच ठेवली नाही.

२०१८-१९ साली नऊ नवे संघ स्पर्धेत आले आणि त्यांची वेगळी प्लेट श्रेणी झाली. त्याच वर्षी बिहारच्या आशुतोष अमन यांनी ६८ बळी घेऊन बेदींचा १९७४-७५ मधील ६४ बळींचा विक्रम मोडला. त्या दिवशी वृत्तपत्रांनी मथळा दिला, आणि वाचकांनी लगेच विचारले, "कोणाविरुद्ध?" अमन यांचा यात काय अपराध? समोर जे फलंदाज उभे केले त्यांनाच त्यांनी बाद केले. पण २०२४-२५ साली विदर्भाच्या हर्ष दुबे यांनी ६९ बळी घेतले ते वरच्या श्रेणीत आणि बाद फेरीत, तेव्हा तो प्रश्न कोणी विचारला नाही.

त्या वर्षीचा अंतिम सामना नागपूरला झाला. विभागांच्या जमान्यात मध्य विभागातील संघ ज्याच्याकडे सोप्या गुणांची बेगमी म्हणून पाहत, तो विदर्भ. आणि दक्षिणेत मद्रास, म्हैसूर, हैदराबाद ज्याच्याविरुद्ध धावांच्या राशी घालत, तो केरळ. केरळ पहिल्यांदाच अंतिम सामन्यात आला होता. विदर्भाच्या ३७९, केरळच्या ३४२. सदतीस धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला, आणि केरळचे खेळाडू पहिल्यावहिल्या अंतिम सामन्याचा अनुभव घेऊन परतीच्या प्रवासाला लागले.